बरेन-मोहर-डूलिन बस टूर: दगड दिवसा बघा, गाणं रात्री ऐका

आई-बाबा डब्लिनला आले होते, म्हणून आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे शहरातून सुटणारी ही दिवसभराची टूर घेतली. जाहिरातीत खेडी, जुना वारसा आणि पबमधलं पारंपरिक संगीत असं सगळं एकाच तिकिटात. पहिल्या दोन गोष्टींचे पैसे वसूल झाले. तिसरीसाठी मात्र ही टूर घेऊ नका.

किनव्हाराचा डनग्वायर किल्ला म्हणजे पाण्याकाठचा सोळाव्या शतकातला बुरुज. फोटो काढा, पुढे चला. खरी मजा बरेनमध्ये. नजर जाईल तिथवर राखाडी चुनखडीचा उघडा कातळ, आणि त्याच्या भेगांमधून निळीशार जेन्शियनची फुलं. आम्ही मे महिन्यात गेलो म्हणून ती दिसली. पोलनब्रोनला उभ्या शिळांवर एक भलीमोठी आडवी शिळा तोललेली आहे. ही पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची समाधी. १९८०च्या दशकात खोदकाम झालं तेव्हा तिच्यात तीसहून अधिक माणसांचे अवशेष सापडले, त्यांत लहान मुलंही होती. आमचा ड्रायव्हरच गाइड होता आणि इथे त्याने अजिबात घाई केली नाही. आईचे प्रश्न संपेपर्यंत थांबला. हे मला फार आवडलं.

मोहरचे समुद्रकाठचे कडे २१४ मीटरपर्यंत उंच आहेत. वारा असा की बाबांची कानटोपी दोनदा उडता उडता राहिली. कानटोपी न्याच, पण दोरीवाली.

आता पब. डूलिन या खेड्यात जेवणाची सुट्टी तासाभराची, तीही भरदुपारी. कोपऱ्यात एकटा कॉन्सर्टिनावाला (कॉन्सर्टिना म्हणजे हातात धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी). त्याच्या दोन-तीन धुना झाल्या तोवर आमचं सूप आलं आणि सूप संपतंय तोच बसकडे चला! (शाकाहाऱ्यांनी सूप चिकनच्या पाण्यातलं नाही ना, हे आधी विचारावं. ब्राउन ब्रेड आणि लोणी मात्र झकास.) संगीत म्हणून एवढंच मिळणार असेल तर तसं जाहिरातीत लिहा की.

बाबांचं समाधान झालं नव्हतं. मग पुढच्या शनिवारी आम्ही आमचे आम्ही डूलिनला मुक्कामी गेलो. सेशन, म्हणजे पबमधली वादकांची अनौपचारिक मैफल, रात्री साडेनवाच्या पुढे रंगलं. स्टेज नाही, माइक नाही. वादक एका टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बासरी, बाउरान नावाचं बकऱ्याच्या कातड्याचं डफासारखं वाद्य. एक धून संपता संपता कुणीतरी दुसरी उचलतो आणि बाकीचे मागोमाग शिरतात. बाबा गावच्या भजनी मंडळात तबल्याला बसतात. जिग ही नाचाची धून सुरू झाली आणि त्यांची बोटं मांडीवर दादरा धरू लागली, सहा मात्रा चपखल! रील ही दुसऱ्या चालीची नाचाची धून आली की केरवा. शेजारच्या आजोबांनी ते पाहिलं आणि बाबांसाठी खुर्ची पुढे सरकवली. बारा वाजले तरी बाबा उठेनात.

तेव्हा बरेनसाठी टूर जरूर घ्या. ड्रायव्हरला पाच, पब-भागाला दोन तारे. गाण्यासाठी गॉलवेहून ३५० नंबरची साधी बस डूलिनला जाते. उन्हाळ्यात खोली आधी बुक करा, आणि वादकांच्या टेबलाजवळची खुर्ची रिकामी दिसली तरी विचारल्याशिवाय बसू नका.