शिरोली की पाचगाव? विसार देण्याआधी खड्डा काढून बघा

1972 ला महानगरपालिका झाली, पण पुढं अनेक दशकं कोल्हापूरची हद्द काही वाढली नाही. 2011 च्या जनगणनेत हद्दीत साधारण 5 लाख 49 हजार माणसं होती. नवी घरं मात्र पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव, शिरोली इकडंच होत गेली. 2017 ला अशा 42 गावांसाठी विकास प्राधिकरण आलं. आता घर बांधायचं म्हटलं की प्रश्न एकच: शिरोलीकडं, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून जायचं की पाचगावच्या चढाकडं?

शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरी असेल तर महामार्गाची बाजू सोयीची. पाळी सुटली की दहा-पंधरा मिनिटांत घरी. पण खाली काय आहे ते बघा. माझे वडील इथल्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मोल्डर (वाळूचे साचे करणारे) होते, त्या पगारावर आम्ही शिकलो, म्हणून सांगताना जीव तुटतो. साच्यातून कास्टिंग (ओतीव भाग) काढल्यावर उरलेली जळकी वाळू वर्षानुवर्षं डंपरनं सखल जागेत पडत आली. सगळीच वाळू विषारी नसते. नुसती बेंटोनाइटची (एक चिकणमाती) असेल तर त्रास कमी. पण कोअरच्या (कास्टिंगमधली पोकळी ठेवणाऱ्या साच्याच्या) वाळूत रेझिन असतं, म्हणजे रासायनिक चिकटा, त्यातून फिनॉल पाण्यात उतरू शकतो. भंगार वितळवल्याची धूळ आणि स्लॅग (वितळल्यावर उरलेला मळ) त्यात मिसळला असेल तर शिसंही.

गेल्या उन्हाळ्यात मेहुण्यासाठी या पट्ट्यात एक प्लॉट बघितला. वरून छान तांबडा मुरूम. एजंट म्हणाला, "लेव्हल करून दिलाय, दादा." पहार घालून दोन हात खणलं तर काळी, भुसभुशीत वाळू, मधे कोअरचे अर्धवट फुटलेले तुकडे. मूळ काळी माती त्याच्याही खाली. अशा भरावावर पाया खचतो तो वेगळाच, आणि पावसाचं पाणी त्यातून झिरपून बोअरला मिळतं.

पुराचंही बघा. 2019 ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 43. त्या वर्षी आणि 2021 ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता.

पाचगाव उंचावर, पुराची काळजी नाही. तिथलं दुखणं पाण्याच्या टंचाईचं. वस्ती वाढली त्या वेगानं नळ वाढले नाहीत, उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. गटार योजना नाही तिथं शोषखड्डा आणि शेजाऱ्याची बोअर हातभर अंतरावर. पण ही घाण मुख्यतः जंतूंची, ते क्लोरिननं किंवा उकळून मरतात; शोषखड्ड्याचं नायट्रेट मात्र तसं जात नाही. शिसंही उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं.

म्हणून घरात लहान मुलं असतील आणि पाणी बोअरचंच प्यायचं असेल, तर मी पाचगाव-कळंबाच सांगेन, टँकरचा ताप धरूनसुद्धा. फाउंड्रीपट्ट्यात घ्यायचंच असेल तर नळजोडणी हातात पाहिजे, आणि चारही कोपऱ्यांत भरावाखालची मूळ जमीन लागेपर्यंत खड्डे. शेजारच्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेत द्या. नुसता टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण) बघून भागत नाही. शिसं, क्रोमियम, फिनॉल लिहूनच द्या. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आहे. मालक खड्डा काढू देत नसेल तर तिथंच थांबा.

मेहुण्यानं त्या प्लॉटला विसार दिला नाही. मोरेवाडीला घेतला, चार गुंठ्यांऐवजी दोनच.