आंधळी कोंबडी: बाकीच्यांत ठेवावी, एकटी ठेवावी, की जाळीआड?

परसातल्या कोंबडीची दृष्टी गेली की घरात लगेच दोन मतं पडतात. कुणी म्हणतं, राहू दे बाकीच्यांत, होईल सवय. कुणी म्हणतं, आधी बाजूला काढा, नाहीतर टोचून मारतील. शेजारपाजारचे 'कापून टाका' म्हणून मोकळे होतात. आमच्या जुळे सोलापुरातल्या घरामागे सहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यातल्या कवडीला देवी आल्या, पापण्यांवर खपल्या धरल्या आणि दोन्ही डोळे गेले. ही दोन्ही मतं मी तिच्यावर करून पाहिली, आणि शेवटी तिसऱ्याच वाटेला आले.

निवड करण्याआधी ती खरंच आंधळी आहे का, हे बघा. देवीच्या खपल्यांनी डोळा नुसता चिकटलेला असतो तेव्हा कोमट मिठाच्या पाण्यात कापूस भिजवून रोज हलक्या हातानं पुसला तर कधीकधी आत डोळा शाबूत निघतो. देवीचा जोर ओसरायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर निकाल लावू नका. तोंड सुजलंय, नाकातून घाण वास येतोय, असं असेल तर ती सर्दीची साथ असू शकते. बुबुळ राखाडी पडून बाहुली वेडीवाकडी दिसत असेल आणि पायही ओढत असेल, तर मॅरेक्स या विषाणूच्या रोगाचा संशय घ्या. या दोन्हीत ती लगेच वेगळी करायची आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवायची. खुराड्यात ओल साचून अमोनियाचा वास डोळ्यांत चढत असेल, तर आधी खुराडं साफ करा. त्या वासानंही डोळे जातात.

एकच डोळा गेला असेल तर विचारात पडायचं कारण नाही. ती मान तिरकी करून दाणा टिपते, आंधळ्या बाजूनं कुणी आलं की दचकते, पण निभावते. तिला बाकीच्यांतच ठेवा. खरा प्रश्न दोन्ही डोळे गेलेल्या कोंबडीचा आहे.

बाकीच्यांत ठेवण्यात एक मोठं सुख आहे: तिला आवाज सोडून जात नाहीत. कवडी पहिल्या आठवड्यात इतरांच्या खुरडण्याच्या आवाजामागून परसभर फिरायची. टोचाटोचीची मला सगळ्यात जास्त भीती होती. ती झालीच. कळपात वरची-खालची पायरी असते आणि जिला मार चुकवता येत नाही ती एकदम तळाला जाते. रक्त दिसलं की बाकीच्याही चोच मारतात. कोंबडा अंगावर आला की तिला आधी कळायचंच नाही, ती किंचाळायची. पण माझ्या मते सोलापुरात टोचण्यापेक्षा मोठा धोका उन्हाचा आहे, आणि तो आमच्या लक्षात आला सासूबाईंमुळे.

मार्च संपत आला होता. आमच्या परसात शेवग्याची सावली सकाळी भिंतीकडे असते, दुपारी सरकत हौदाकडे जाते. बाकीच्या कोंबड्या सावलीबरोबर सरकतात. कवडी मात्र सकाळी जिथं सावली होती तिथंच उभी. पंख अंगापासून सुटलेले, चोच उघडी, गळा लकलकतोय. सासूबाई मागच्या दारातून म्हणाल्या, "अगं, ती सकाळधरनं पाण्याला गेलीच न्हाई बघ." पाण्याचा परळ तिच्यापासून चार हातांवर होता. आदल्या दिवशी झाडताना मीच तो हलवला होता.

कोंबडीला एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. आमच्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा दिवशी जिला सावली शोधता येत नाही, तिला मोकळ्या परसात सोडणं मला पटत नाही.

म्हणून मी तिला एकटीला मागच्या पडवीत ठेवलं. सावली, पाणी, ज्वारीच्या कण्या, सगळं चोचीपुढं. जखमा भरल्या हे खरं. संसर्ग असेल किंवा रक्त आलेलं असेल तर ही सोय हवीच. पण ती दिवसभर एका कोपऱ्यात उभी राहायची, इतरांचा आवाज आला की ओरडायची आणि पुढ्यातलं खायची नाही. कोंबडी दुसरीचं टकटक टिपणं ऐकून खाते. चौथ्या रात्री तिच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली तर जवळजवळ रिकामी होती. एकटं ठेवणं हा दवाखाना आहे, घर नव्हे.

तिसरी वाट म्हणजे परसातच, दिवसभर सावली राहील अशा कोपऱ्यात अर्धा इंची जाळीचा चार बाय सहा फुटांचा भाग करायचा. बाकीच्या जाळीपलीकडे, आणि आत तिच्याबरोबर एक शांत सोबतीण. मी वयानं मोठी, अंडी कमी झालेली कोंबडी दिली. तरणी तलंग देऊ नका, ती सतत चढ करते. कोंबडा तर नकोच. परळ दोन विटांमध्ये बसवा म्हणजे हलणार नाही, आणि एकदा ठरलेली जागा बदलू नका. दाणा टाकताना पत्र्याच्या डब्यावर रोज त्याच लयीत टकटक करा. पाच-सहा दिवसांत कवडी त्या आवाजाला सरळ चालत यायला लागली. बसायला उंच दांडी नको, उतरताना पाय मोडतो. खाली कडब्याची कुट्टी पसरा आणि ओली झाली की बदला.

अंडी बंद होतील म्हणून कापायचा विचार असेल तर एवढं ध्यानात घ्या: कोंबडीला उजेड फक्त डोळ्यांतूनच कळत नाही, तो कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो. त्यामुळे आंधळी कोंबडीही अंडी देऊ शकते. फक्त ती उभी असेल तिथं घालते, म्हणून कोपऱ्यात गवताचं घरटं करून द्या आणि सकाळी लवकर उचला.

यात तुमचा वेळ मात्र जातो. दिवसातून दोन फेऱ्या, उन्हाळ्यात तीन. चोचीचं टोक न झिजता वाढलं का, अंगात उवा झाल्या का, हेही तुम्हालाच बघावं लागतं. तिला मातीत लोळायला खड्डा करून दिला तर उवा कमी होतात. घरातले सगळे सकाळी बाहेर पडून रात्री येत असतील आणि शेजारी सांगण्यासारखं कुणी नसेल, तर तिसरी वाटही कागदावरच राहील. मग ज्यांच्या घरी दिवसभर माणूस असतं, अशा नातेवाइकांकडे तिला सोबतिणीसकट द्या. आणि सोबत, आवाज, पाणी सगळं देऊनही आठवडाभर दाण्याची पिशवी रिकामी राहत असेल, छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागत असेल, तर डॉक्टरांना विचारून तिला त्रासातून सोडवा. त्यात कमीपणा नाही.

नवी जागा पायाखाली यायला तिला दोनेक आठवडे लागतात. ऐन एप्रिलमध्ये हा खटाटोप करू नका. जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची जत्रा उरकली, थंडी ओसरायला लागली की जाळी उभी करा, म्हणजे ऊन तापायच्या आत परळ कुठं आणि सावली कुठं हे तिला ठाऊक झालेलं असेल.