स्कॉटिश पूर्वजांचा शोध: सरकारी दफ्तर, वर्गणीच्या वेबसाइट, क्लॅन सोसायटी की डीएनए?

मॅकडोनाल्ड, कॅम्पबेल, ग्रँट, मॅकग्रेगर. यांतलं एखादं आडनाव मराठी घरातही कुठून तरी आलेलं असतं. कुणाची पणजी अँग्लो-इंडियन असते, कुणाचा जावई एडिनबराचा, तर कुणाची नातवंडं टोरांटोत वाढताना विचारतात की बाबांच्या बाजूचे आपण कुठले. शोध घ्यायचा म्हटलं की चार मार्ग समोर येतात: स्कॉटलंडचं सरकारी दफ्तर, वर्गणी भरून वापरायच्या वेबसाइट, क्लॅन सोसायट्या (क्लॅन म्हणजे एका प्रमुखाला मानणारं स्कॉटिश कूळ) आणि डीएनए चाचणी. प्रत्येक मार्ग वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. माझं मत आधीच सांगते: सुरुवात दफ्तरापासून करा आणि ‘आपला क्लॅन कुठला’ हा प्रश्न शेवटी ठेवा. बहुतेकजण नेमकं उलट करतात.

सरकारी दफ्तर म्हणजे ‘नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड’ची ‘स्कॉटलंड्सपीपल’ ही वेबसाइट. इथे वर्गणी नाही. नावं शोधणं फुकट आहे, मूळ नोंदीचं चित्र उघडायचं असेल तर क्रेडिट विकत घ्यावी लागतात. एका जन्म, विवाह किंवा मृत्यूच्या नोंदीला साधारण दीड पौंड पडतो. हिशेबाने वापरलं तर सात-आठ पौंडांत दोन-तीन पिढ्या मागे जाता येतं, कारण स्कॉटिश नोंदी फार भरघोस आहेत.

सक्तीची सरकारी नोंदणी तिथे १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली, म्हणजे इंग्लंडनंतर अठरा वर्षांनी. पण ती आली ती कितीतरी जास्त तपशील घेऊन. मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आई आणि वडील दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही असतं. इंग्लंडच्या त्या काळच्या मृत्यूनोंदीत ही माहिती सहसा नसते. याचा फायदा बघा: १८५८ मध्ये ऐंशीव्या वर्षी वारलेल्या बाईची एक नोंद उघडली, तर १७५० च्या आसपास जन्मलेल्या तिच्या आईवडिलांची नावं हाती येऊ शकतात. हायलँड्सच्या क्लॅनांचं बळ मोडणारी कलोडनची लढाई १७४६ ची. म्हणजे एका कागदाने आपण जवळजवळ तिथवर पोचतो. विवाहाच्या नोंदीत वर-वधू दोघांचे आईवडील असतात. १८५५ या पहिल्या वर्षी तर इतकं काही विचारलं गेलं की पुढच्याच वर्षी रकाने कमी करावे लागले. तुमच्या घरातल्या कुणाची त्या वर्षीची नोंद सापडली तर ती आधी उघडा. एक सावधगिरी मात्र हवी. मृत्यूची माहिती देणारा जावई किंवा शेजारी असेल, तर मृताच्या आईचं नाव त्याला ठाऊक असेलच असं नाही. नोंदीखाली माहिती देणाऱ्याचं नाव आणि नातं असतं, ते वाचायला विसरू नका.

अलीकडच्या लोकांच्या नोंदींवर बंधन आहे. जन्माला शंभर, विवाहाला पंचाहत्तर आणि मृत्यूला पन्नास वर्षं झाल्याशिवाय नोंदीचं चित्र ऑनलाइन दिसत नाही, दाखला मागवावा लागतो.

१८५५ च्या आधी पॅरिशची, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांची, दफ्तरं आहेत आणि इथे शोध कठीण होतो. पर्थशरमधल्या एरॉल पॅरिशचं दफ्तर १५५३ पासूनचं आहे, पण हायलँड्स, म्हणजे उत्तरेकडचा डोंगराळ भाग, आणि बेटांवरच्या कित्येक पॅरिशांची दफ्तरं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा त्याहून उशिरा सुरू होतात. ही दफ्तरं चर्च ऑफ स्कॉटलंडची. बॅरा आणि साउथ यूइस्टसारख्या बेटांवरची घरं कॅथलिक, त्यांच्या नोंदी वेगळ्या शोधाव्या लागतात. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, त्यामुळे गरिबांनी नोंद करणंच टाळलं. अशा जागी मुलांच्या नावांचा क्रम कामी येतो. पुष्कळ घरांत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव देत. हा पुरावा नव्हे, पण दोन जॉन मॅकडोनाल्डांतला आपला कोणता, याचा अंदाज बांधायला उपयोगी पडतो.

अँसेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट या वर्गणीच्या वेबसाइटशी तुलना केली तर स्कॉटलंडपुरतं पारडं दफ्तराकडेच झुकतं. अँसेस्ट्रीवर स्कॉटिश जनगणनेची केवळ उतरवून घेतलेली माहिती मिळते, मूळ पानाचं चित्र नाही. उतरवणाऱ्याने आडनाव चुकीचं वाचलं असेल तर ते ताडून बघायची सोय नाही. १९२१ ची स्कॉटिश जनगणना तर दफ्तराच्याच वेबसाइटवर आहे. मग वर्गणी कधी भरावी? पूर्वज स्कॉटलंड सोडून कॅनडा, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात गेला असेल तेव्हा. तिथल्या नोंदींत त्याच्या मूळ पॅरिशचं नाव सापडलं की पुढचं सगळं सोपं. नुसतं ‘स्कॉटलंडचा’ एवढ्यावर हायलँड्समधला डोनाल्ड मॅकडोनाल्ड शोधायला बसू नका, त्या नावाची माणसं एकेका पॅरिशमध्ये ढिगाने होती. लॅटर-डे सेंट्स चर्चची ‘फॅमिलीसर्च’ फुकट आहे, वर्गणी भरण्याआधी तिथे एकदा पाहावं.

आता क्लॅन. मोह सर्वांत मोठा इथेच, आणि गैरसमजही. आडनाव मॅकडोनाल्ड म्हणजे आपण त्या क्लॅनच्या प्रमुखाच्या रक्ताचे, असं लोक धरून चालतात. हायलँड्समधला सामान्य माणूस अठराव्या शतकापर्यंत बापाच्या आणि आजाच्या नावाने ओळखला जाई. कायमचं आडनाव घ्यायची वेळ आली तेव्हा अनेकांनी ज्याच्या जमिनीवर राहत होते त्या प्रमुखाचं नाव घेतलं. आपल्याकडच्या कुलवृत्तांतात आडनाव, गोत्र आणि मूळ गाव एकत्र पाहून शाखा जुळवतात, क्लॅनच्या आडनावाला असा आधार नसतो. उलटंही घडलं. सहाव्या जेम्स राजाच्या काळात, १६०३ मध्ये, मॅकग्रेगर हे नाव लावायलाच बंदी आली. मधे ती उठली, १६९३ मध्ये पुन्हा लादली गेली आणि १७७४ मध्ये कायमची गेली. त्या काळात मॅकग्रेगरांनी मरे, ग्रँट, ड्रमंड अशी नावं घेतली. खुद्द रॉब रॉय, त्या क्लॅनचा सर्वांत गाजलेला माणूस, कॅम्पबेल म्हणून वावरत होता.

मराठी वाचकाला ओळखीचं उदाहरण म्हणजे सातारचा रेसिडेंट, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ. तो १७८९ मध्ये बॅन्फला जन्मला, तेव्हा नुसता ग्रँट होता. आईकडून ईडनच्या इस्टेटीचा वारसा आला तेव्हा त्याने डफ हे नाव जोडलं. त्याच्या वंशजाने आडनावाच्या शेवटच्या शब्दावरून क्लॅन ठरवला तर तो बापाची बाजू सोडून आजोळीच पोचेल.

क्लॅनशी संलग्न मानलेल्या आडनावांच्या याद्याही जपून वापराव्यात. एकच आडनाव दोन-तीन क्लॅनांच्या यादीत सापडतं. क्लार्क कॅमेरूनांकडेही आहे आणि मॅकफर्सनांकडेही. लोलँड्समधल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल भागातल्या, कित्येक घरांचा तर क्लॅनशी कधी संबंधच आला नाही. ‘तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह’ छापलेला मग विकत घेऊ नका. स्कॉटिश कायद्यात चिन्ह आडनावाला नव्हे, व्यक्तीला मिळतं आणि त्याची नोंद कुलचिन्हांचा अधिकारी असलेल्या लॉर्ड लायनच्या दरबारात होते.

तरीही क्लॅन सोसायटीत जरूर जा, पण पॅरिश आणि तीन-चार पिढ्या हातात घेऊन. उदाहरणार्थ, न्यूटनमोरला मॅकफर्सनांचं संग्रहालय आहे. तिथे स्थानिक माहितीचा जो साठा आहे तो वेबसाइटवर मिळत नाही. शिवाय ही माणसं आपुलकीने बोलतात. नाव आणि जिव्हाळा एवढ्यावरही बऱ्याच सोसायट्या सदस्य करून घेतात, त्यासाठी रक्ताचा पुरावा कुणी मागत नाही.

रक्ताचा प्रश्नच महत्त्वाचा असेल तर डीएनए. इथे दोन चाचण्यांत गल्लत होते. नेहमीची स्वस्त चाचणी पणजोबा-खापरपणजोबांपर्यंतचे नातेवाईक शोधायला उत्तम, त्यामागे चित्र धूसर होतं. ‘इतके टक्के स्कॉटिश’ या आकड्यावरून क्लॅन कळत नाही. क्लॅनसाठी वाय-डीएनए लागतं. ते बापाकडून मुलाकडेच जातं, म्हणून बाईला भावाचा, वडिलांचा किंवा काकांचा नमुना घ्यावा लागतो. ‘फॅमिलीट्रीडीएनए’वर आडनावांचे आणि क्लॅनांचे गट आहेत. ११६४ मध्ये मारल्या गेलेल्या सोमरलेड या पश्चिमेकडच्या बेटांवरच्या सत्ताधीशाचे वंशज मानले जाणारे क्लॅन डोनाल्डचे प्रमुख एकाच पितृवंशाचे आहेत, हे याच मार्गाने पुढे आलं. चाचणी महाग आहे, आणि आधी घरात बोलून घ्या. एखाद्या पिढीतला बाप वेगळाच निघू शकतो, ते ऐकायची तयारी सगळ्यांची असेलच असं नाही. दत्तक किंवा अनाथाश्रमातून आलेल्या पूर्वजाच्या बाबतीत मात्र मी दफ्तराआधीसुद्धा डीएनएच सुचवेन.

पूर्वज मुंबई इलाख्यात नोकरीला आलेला स्कॉट असेल तर क्रम थोडा बदलतो. इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या संग्रहात ‘एन/३’ या खुणेखाली आहेत आणि फाइंडमायपास्टवर त्यांची चित्रं दिसतात. म्हणून या शोधात वर्गणी आधी भरावी. त्याही आधी ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांच्या नोंदी गोळा करणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेच्या वेबसाइटवर फुकट शोध घ्या. त्या पूर्वजाचं मूळ गाव लिहिलेलं नसेल तर त्याचं मृत्युपत्र बघा, मुंबईत वारलेली माणसं गावी राहिलेल्या भावा-बहिणींना काही ना काही ठेवत. स्कॉटलंडमध्ये मालमत्ता असेल तर मृत्युपत्राची नोंद स्कॉटलंड्सपीपलवरही सापडू शकते, आणि त्यात पॅरिशचं नाव मिळालं की तिथून पुढे पॅरिशचं दफ्तर उघडता येतं.