भिशीचे पासष्ट हजार आणि दहा महिने: भांडुपच्या घरातला आमचा गेमिंग पीसी

२०२३ च्या दिवाळीआधी माझी भिशी लागली. त्यात बोनसमधले थोडे घातले आणि पासष्ट हजार बाजूला काढले. मी परळला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, भाऊ तेव्हा अकरावीत होता. खेळायला दोघांनाही आवडतं, आणि दोघांत मिळून एक जुना लॅपटॉप होता. ठरवलं, एकच पीसी घ्यायचा, पण नीट घ्यायचा. आता गणपती होऊन गेले, पीसीला दहा महिने झाले. मे महिन्याचा उकाडा आणि अख्खा पावसाळा त्याने काढला, म्हणून आता लिहायला बसले आहे. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर अर्धं चुकीचं लिहिलं असतं.

आधी हिशेब. रायझन ५ ५६०० प्रोसेसर अकरा हजार दोनशेला, बी५५० चिपसेटचा लहान मदरबोर्ड आठ हजार नऊशे, रेडिऑन आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड वीस हजार आठशे, १६ जीबीची एक रॅम तीन हजार शंभर, साठवणीसाठी एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी चार हजार चारशे, ५५० वॅटचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) चार हजार तीनशे, कॅबिनेट तीन हजार चारशे आणि २४ इंची १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ चित्रं दाखवणारा) मॉनिटर दहा हजार नऊशे. एकूण सदुसष्ट हजार. कीबोर्ड-माऊस घरातलेच. ठरवलेल्यापेक्षा दोन हजार जास्त गेले आणि तेव्हा मला वाटलं, झालं, एवढंच. पुढच्या सहा महिन्यांत आणखी दहा हजार तीनशे गेले, ते कशावर ते पुढे येईलच.

प्रोसेसर निवडायला आम्ही तीन आठवडे घातले. इंटेलचा आय५-१२४००एफ की एएमडीचा रायझन ५६००, यावर रोज जेवताना चर्चा. दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेड. दहा महिन्यांनी सांगते, या पीसीत ज्या भागाची मला एकदाही आठवण झाली नाही तो प्रोसेसर. दोन्हींपैकी कुठलाही घेतला असता तरी आमच्या खेळात फरक कळला नसता. एकच सांगावंसं वाटतं. दुकानात ५६०० मागितला की ५६००जी पुढे करतात, "मॅडम, इसमें ग्राफिक्स फ्री है" म्हणून. ग्राफिक्स कार्ड सध्या परवडत नसेल तर तो रस्ता चांगलाच आहे, वर्षभर हलके गेम खेळून कार्ड नंतर घेता येतं. पण कार्ड आजच घेणार असाल तर जी नको. त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६ एमबी आहे, साध्या ५६०० मध्ये ३२, आणि जी पीसीआयई ३.० वरच, म्हणजे कार्डाशी बोलायच्या जुन्या, कमी वेगावरच थांबतो.

आमच्या बोर्डावरची प्रोसेसर बसवायची खाच, एएम४, हा २०१६ पासूनचा सॉकेट, नवा एएम५ येऊन गेला होता, मग जुन्यात का अडकलात, असं मला ऑफिसातल्या एकाने विचारलं. कारण सरळ आहे. एएम५ ला नवी, महागडी डीडीआर५ रॅम लागते, बोर्ड महाग, आणि तो सगळा फरक ग्राफिक्स कार्डातून कापावा लागला असता. गेममध्ये पैसा दिसतो तो कार्डात. शिवाय जानेवारी २०२४ मध्ये रायझन ५७००एक्स३डी हा प्रोसेसर आला, आठ कोअर आणि ९६ एमबी कॅश, तो याच बोर्डावर बसतो. म्हणजे दोन-तीन वर्षांनी बोर्ड न बदलता एक उडी मारता येईल.

कार्डाबद्दल मी समाधानी आहे. त्याच किमतीच्या आसपास एनव्हीडियाचं आरटीएक्स ३०५० मिळत होतं आणि साध्या गेमिंगमध्ये ६६०० त्याच्या बरंच पुढे आहे. आमच्याकडे व्हॅलरंट सेकंदाला दोनशे फ्रेमच्या (चित्रांच्या) वर चालतो, जीटीए ५ मध्ये सेटिंग चढवूनही शंभरच्या खाली क्वचित जातो, एल्डन रिंग मुळातच साठ फ्रेमला बांधलेला आहे आणि तो साठवर टिकतो. सायबरपंक २०७७ हाय सेटिंगला एफएसआर (लहान चित्र काढून ते मोठं करणारी सोय) लावून सत्तरच्या आसपास. रे ट्रेसिंगचा, म्हणजे खऱ्यासारख्या प्रकाश-सावल्यांचा विचार सोडा, त्या कामाचं हे कार्ड नव्हे. वापरलेल्या कार्डांच्या वाटेला आम्ही गेलो नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. स्वस्त असतात, पण वॉरंटी नाही, आणि एका भिशीच्या पैशांत दोनदा कार्ड घ्यायची माझी ऐपत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. भाऊ आता ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकतोय. रेडिऑनवर त्यातलं सायकल्स (चित्र तयार करणारं इंजिन) चालतं, पण तिथे एनव्हीडियाची कार्डं स्पष्ट पुढे आहेत. त्याचा हा ओढा मला दिवाळीत माहीत असता तर मी पाच-सहा हजार थांबून जमवले असते आणि १२ जीबी मेमरीचं आरटीएक्स ३०६० घेतलं असतं. घरातलं कोणी थ्रीडी किंवा एआयचं काही शिकणार असेल तर कार्ड घेण्याआधी त्याच्याशी नीट बोलून घ्या.

आता रॅम. ही माझी चूक. "आत्ता १६ ची एक घेऊ, पुढे दुसरी घालू" असा बचतीचा विचार केला. रॅमची एकच स्टिक (पट्टी) असली की मेमरी एकाच चॅनेलवर चालते आणि प्रोसेसरला डेटा निम्म्या वाटेने मिळतो. सरासरी फ्रेमचा आकडा बरा दिसायचा, पण कोपरा वळताना, समोर कोणी आलं की नेमका तेव्हाच गेम अडखळायचा. दोन महिने आम्ही कार्डाला दोष देत होतो. जानेवारीत तशीच दुसरी स्टिक आणली, तीन हजार चारशेला, आणि त्याच संध्याकाळी अडखळणं थांबलं. पहिल्या दिवशीच ८ च्या दोन घेतल्या असत्या तर तेवढ्यात भागलं असतं. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी वापरायची, मदरबोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं. आणि बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी चालू करायचं, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालते. आमची ३२०० ची रॅम तोवर २६६६ वरच चालली होती. मॉनिटरचंही तसंच. १६५ हर्ट्झचा घेतला, पण विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलेपर्यंत तो ६० वरच होता.

एसएमपीएसबद्दल जरा जास्त लिहिते. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात मला तीन दुकानांत कॅबिनेटसोबत "साडेचारशे वॅटचा एसएमपीएस फुकट" मिळत होता. तो उलटा करून लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. मी बघितलेल्या एकावर १८ अँपिअर होते, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, बाकीचा आकडा कागदावरचा. आमचं कार्ड एकटं १३२ वॅटचं आहे. जो घेतला त्यावर ४५ अँपिअर आहेत, म्हणजे ५४०. शेठ म्हणाले, इतका कशाला? पण गेमचे झटके, उन्हाळा आणि उद्याचं मोठं कार्ड धरून हा आकडा मला बरोबर वाटला आणि आजही वाटतो.

पण एसएमपीएस चांगला असून भागत नाही, हे घरी येऊन कळलं. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर खोकी उघडली, रात्री अकरापर्यंत जोडणी केली, चालू झाला. दुसऱ्या दिवशी आई फडक्याने कॅबिनेट पुसत होती, तिच्या हाताला बारीक मुंग्या आल्या. आमची इमारत जुनी, प्लगला तिसरं भोक आहे पण आत अर्थिंगची वायरच नाही. एसएमपीएसमध्ये विजेतला खरखराट (नॉइज) गाळणारे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर मुख्य लाइनचा साधारण निम्मा व्होल्टेज बॉडीवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण हात ओला असेल तर भीती वाटते, आणि मदरबोर्डालाही ते बरं नाही. वायरमनला बोलावून मीटरच्या पेटीपासून अर्थिंग ओढून घेतलं, नऊशे रुपये. चाळीत किंवा जुन्या बिल्डिंगीत राहणाऱ्यांनी हे काम पीसी आणायच्या आधी करून घ्यावं. मी इथे आठ-आठ हजारांच्या भागांबद्दल लिहिते आहे, पण हे नऊशे रुपये सगळ्यात गरजेचे होते.

यूपीएस पावसाळ्याच्या तोंडावर घेतला, चार हजार आठशे. पहिल्या पावसात एका संध्याकाळी चार वेळा लाइट गेली-आली आणि मी घाबरले. यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असतं ते वॅट नव्हेत, बहुतेकांत ते ३६० वॅटच्या आसपास भरतं. आमचा पीसी खेळताना मॉनिटर धरून २७० वॅट घेतो, प्लगमध्ये लावायच्या मीटरवर मोजलंय. म्हणून एक पायरी वरचा घेतला. सेव्ह करून बंद करायला पाच-सहा मिनिटं मिळतात, पुरे.

विजेच्या बिलाचं विचारतात बरेच जण. रोज तीन तास खेळलं तर पाऊण युनिटच्या वर, महिन्याला चोवीस-पंचवीस युनिट. आमचं बिल आधी महिन्याला शंभर युनिटच्या आत असायचं, आता १०१ ते ३०० च्या टप्प्यात शिरतं, आणि तिथला दर चढा आहे. त्यामुळे वाढ नुसत्या युनिटच्या हिशेबापेक्षा जास्त जाणवते. परीक्षेच्या महिन्यात बिल खाली आलं तेव्हा बाबांनी ते दाखवलंसुद्धा.

सगळ्यात वाईट निवड कॅबिनेटची. पाच मिनिटांत घेतलं. समोर अखंड काच, मागे रंगीत दिवे, भावाला आवडलं. समोरून हवा जायला बाजूला बोटभर फट. दिवाळीत, थंडीत काही कळलं नाही. मे महिन्यात दुपारी खोलीतच चौतीस अंश, कार्ड ७९ अंशांवर, पंखे इतके ओरडायचे की आई आतून विचारायची, काय चाललंय. एका रविवारी पुढची काच काढून ठेवली तर तासाभरात कार्ड ६९ वर आलं. दहा अंश नुसत्या एका काचेने अडवले होते. पण काच काढली की धूळ. शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे, खिडकीच्या चौकटीवर रोज सिमेंटचा थर बसतो. मग नायलॉनची मच्छरजाळी मापाने कापली, चुंबकाच्या पट्ट्या शिवून पुढे लावली, आणि बाराशेचे दोन पंखे आत बसवले. दर पंधरा दिवसांनी जाळी काढून नळाखाली धुते. कार्ड आता ७१-७२ वर राहतं. फ्रेमही शंभरवर बांधून ठेवल्यात जिथे त्याहून जास्तीची गरज नाही. त्याने उष्णता आणि आवाज दोन्ही उतरले.

पावसाळ्यात कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. आमच्याकडे जुलैत फरशीला घाम सुटतो. मी ते लोखंडी स्टुलावर चढवलं, भिंतीपासून वीतभर लांब. तरी मागच्या बाजूच्या दोन स्क्रूंवर गंजाची कड दिसतेच. आम्ही आठवड्याच्या सुट्टीवर गावी गेलो तेव्हा शेजारच्या काकूंना किल्ली देऊन दोनदा तासभर चालू करायला सांगितलं होतं, आतली हवा सुकावी म्हणून.

खरेदीबद्दल थोडं. आम्ही शनिवारी गेलो, रविवारी लॅमिंग्टन रोडवर बरीच दुकानं बंद असतात. भांडुपहून दादर, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल, ग्रँट रोडला उतरायचं, पूर्वेला बाहेर. पहिल्या फेरीत फक्त भाव लिहून आणले, काही घेतलं नाही, आणि त्या एका फेरीने जवळजवळ तीन हजार वाचले. "बिना बिल" म्हणून भाव खाली येतो, कारण १८ टक्के जीएसटी वगळतात. तो मोह टाळा. पक्कं बिल, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर, आणि दुकानातच खोक्यावरच्या नंबराशी जुळवून बघा. प्रोसेसर बॉक्स पीसच घ्या. ट्रे पीस स्वस्त असतो पण सोबत पंखा नाही आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नाही. आमचा मॉनिटर मार्चमध्ये एका कडेने पिवळट दिसू लागला तेव्हा सर्व्हिस सेंटरने पहिला प्रश्न बिलाचाच विचारला. अठरा दिवस गेले, पण बदलून मिळाला.

जुन्या, स्वस्त बी४५० ऐवजी घेतलेल्या बी५५० बोर्डाचे जास्तीचे अडीच-तीन हजार वाया गेले का, हा प्रश्न मी अजून मनात घोळवते. ६६०० कार्ड पीसीआयईच्या आठच लेन (वाटा) वापरतं, बी४५० वर ते पीसीआयई ३.० च्या कमी वेगाने चाललं असतं आणि आमच्या गेममध्ये फरक नगण्य राहिला असता. पण बी४५० चा जुना स्टॉक बायोस अपडेट केल्याशिवाय ५६०० ला ओळखत नाही, आणि ते दुकानदाराकडून करून घ्यावं लागतं. तो माझ्यासमोर अपडेट करून, चालू करून दाखवत असेल, तर आज मी बी४५० घेईन आणि उरलेले पैसे कॅबिनेटमध्ये घालीन.

या दिवाळीची खरेदी ठरली आहे. समोर पूर्ण जाळी असलेलं, दिवे नसलेलं कॅबिनेट. भावाने स्टुलाचं माप घेऊन ठेवलंय, आणि आत्ताचं काचेचं कॅबिनेट एका गिऱ्हाइकाने सोळाशेला मागितलंय. त्याला मच्छरजाळीसकट देणार आहे.