ओटीपी कुणालाही सांगू नका, असं तोच मला म्हणाला

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं हिशेब विभागात आहे. बिलं, जीएसटीची विवरणं, दोनशे कामगारांचा पगार, हे माझं रोजचं काम. हे आधी सांगते, कारण गेल्या तीन महिन्यांत भेटेल त्याने एकच विचारलं, "ताई, तुम्ही हिशेबातल्या, तुम्ही कशा फसलात?" तर त्याचं खरं कारण असं की हा एक हिशेब मी स्वतः केलाच नाही. तो दुसऱ्याने करून दिला आणि मी मान डोलावली.

दसऱ्याच्या आधीचा शनिवार होता. कालिका यात्रेच्या गर्दीमुळे मुंबई नाक्याकडे फिरकायचं नव्हतं, म्हणून इंदिरानगरातच एका मोठ्या दुकानात महिन्याचा किराणा भरला. बाहेर पडते तर दाराशी टेबल, त्यावर एका बँकेचा फलक, आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला बाविशीतला मुलगा. माझ्या हातातल्या बिलाकडे बघून म्हणाला, "काकू, पाच हजार चारशेचं बिल आणि परत काहीच नाही? आमच्या कार्डावर आत्ता दोनशे सत्तर रुपये परत मिळाले असते."

पाच टक्के बरोबर होते. तोंडी हिशेब करणारं पोर, मला आवडलं.

त्याच्याकडे प्लॅस्टिक चढवलेला एक तक्ता होता. चार कार्डं आणि समोर रकाने: किराणा, पेट्रोल, लाइट बिल, औषधं, ऑनलाइन खरेदी. इतर तीन कार्डांच्या रकान्यांत एक टक्का, दीड टक्का, कुठे नुसती फुली. त्याच्या कार्डापुढे मात्र सगळीकडे हिरव्या शाईत पाच टक्के आणि शेवटी "आयुष्यभर मोफत". महिन्याचा घरखर्च विचारला, मी बत्तीस हजारांच्या आसपास सांगितला. त्याने मोबाइलवर आकडे दाबले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. वर्षाला १९,२०० रुपये. मुलाच्या क्लासच्या जवळजवळ चार महिन्यांच्या फीएवढे.

कॅशबॅकची कार्डं नीट ताडून बघायची, असं माझ्या मनात वर्षभर होतं. रविवारी बसू म्हणता म्हणता राहून जायचं. इथे सगळं एका कागदावर तयार मिळालं. मी पॅन आणि आधारचे फोटो काढू दिले, पगाराची स्लिप त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवली आणि एक कागदी फॉर्म भरला. त्यात मोबाइल नंबर, ईमेल, कंपनीचं नाव, आईचं नाव, सगळं होतं. तो फॉर्म पुढे कुणाकुणाच्या हातात जाईल, हे मी विचारलं नाही.

बाराव्या दिवशी कार्ड घरी आलं. कार्ड खरं होतं, बँक खरी होती, मर्यादा दीड लाखाची. त्यामुळे दोन दिवसांनी फोन आला तेव्हा शंका घ्यावी असं काही वाटलं नाही.

रात्रीचे साडेआठ वाजले होते. मी ज्वारीचं पीठ मळत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. बोलणारा माणूस शांत, शुद्ध मराठीत बोलणारा. त्याने माझं पूर्ण नाव घेतलं, कंपनीचं नाव घेतलं, कार्ड कोणत्या बँकेचं आणि कुठल्या दुकानाबाहेर फॉर्म भरला तेही सांगितलं. "मॅडम, तुमचं कार्ड चालू झालंय, पण कॅशबॅक चालू झालेलं नाही. किराणा, पेट्रोल, औषधं यांतले गट तुम्हाला निवडावे लागतात. आज निवडले नाहीत तर या महिन्याचं पाच टक्के जाईल." व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. बँकेचं चिन्ह, बँकेचे रंग, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे ती ॲप बसवायची फाइल होती.

फोनने इशारा दिला की हे ॲप अनोळखी ठिकाणचं आहे. मी त्याला तसं म्हणाले. तो म्हणाला, "नवीन आहे मॅडम, प्ले स्टोअरवर पुढच्या आठवड्यात येतंय." सेटिंगमध्ये कुठे जायचं ते त्याने सांगितलं. मग ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. हाताला पीठ होतं, तशाच बोटाने मी "अनुमती द्या" दाबलं. स्क्रीनवर पिठाचा ठसा उठला, तो मी पदराने पुसला. पुढे कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरायचे होते. तिथे मी थांबले.

माझं थांबणं त्याला ऐकू आलं असावं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला ओटीपी येईल. तो मला सांगू नका. ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो, बँकेच्या माणसालाही नाही."

या वाक्यावर मी विश्वास टाकला. फसवणारा माणूस ओटीपी मागतो, हेच आपण इतकी वर्षं ऐकत आलो आहोत. हा मागत नव्हता, उलट मला जपायला सांगत होता. त्याला ओटीपी विचारायची गरजच नव्हती. मी दिलेल्या परवानगीमुळे माझा प्रत्येक एसएमएस त्या ॲपमधून परस्पर त्याच्याकडे जात होता आणि माझ्या स्क्रीनवर काही दिसत नव्हतं. तुम्ही या लिखाणातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा: आता ओटीपी तोंडाने सांगावा लागत नाही.

मी आकडे भरले, "गट निवडले गेले, चोवीस तासांत चालू होतील" असं दिसलं, आणि मी भाकऱ्या करायला वळले.

सकाळी सव्वासहाला ईमेल उघडली. रात्री ८ वाजून ५२ मिनिटांनी ४९,९९० रुपये, ८ वाजून ५७ मिनिटांनी ३८,५०० रुपये. दोन्ही भेट व्हाउचरची खरेदी. ॲपने एसएमएस लपवले, पण ईमेल त्याच्या हातात नव्हती. रात्री झोपण्यापूर्वी एकदा बघितली असती तर, हा विचार मला अजून छळतो. एकूण ८८,४९० रुपये.

पुढचा अर्धा तास मी बरोबर वागले, म्हणून तो सविस्तर सांगते. माझ्या फोनचं वायफाय आणि डेटा बंद करून तो बाजूला ठेवला. मिस्टरांच्या फोनवरून कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन केला आणि कार्ड बंद करवलं. इंटरनेटवर नंबर शोधू नका, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. मग लगेच १९३० लावला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. त्यांनी रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक असं एकेक विचारलं आणि तक्रारीचा क्रमांक दिला. तीच तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही करता येते. दुपारी ईमेलच्या प्रती, ॲपचे फोटो, त्या माणसाचा नंबर असं सगळं घेऊन सायबर पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी सांगितलं, "मॅडम, फोनमधलं सगळं पुसून टाकल्याशिवाय सिम पुन्हा त्यात घालू नका. आणि हॅश हॅश शून्य शून्य दोन हॅश डायल करा, म्हणजे कॉल दुसरीकडे वळवले असतील तर ते बंद होतील." मी ##००२# केलं.

३८,५०० चं व्हाउचर अजून वापरलं गेलं नव्हतं, ते गोठवलं गेलं आणि पाच आठवड्यांनी पैसे कार्डावर परत आले. ४९,९९० चं व्हाउचर रात्रीच संपलं होतं.

बँकेचं पहिलं उत्तर दोन ओळींचं: व्यवहार ओटीपीने झाला आहे, जबाबदारी ग्राहकाची. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी आता तोंडपाठ केलं आहे. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, त्यानंतरचं बँकेचं. आणि जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे. माझा निष्काळजीपणा किती हे ठरायचं आहे. मी नंबर भरला, हे मी लेखी कबूल केलंय, लपवलेलं नाही. तीस दिवसांत समाधान झालं नाही म्हणून मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज केला आहे, त्याला पैसे लागत नाहीत.

दरम्यान बिल आलं. त्यावर "किमान देय" म्हणून अडीच हजारांच्या आसपास रक्कम छापली होती. ती भरून गप्प बसायचा मोह होतो. पण या कार्डाचं व्याज महिन्याला ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३ टक्क्यांच्या पुढे, आणि पूर्ण रक्कम भरली नाही तर ते खरेदीच्या तारखेपासून लागतं. आम्ही आरडी मोडली आणि सगळे भरून टाकले.

त्यानंतरच्या रविवारी मी घरखर्चाची वही घेऊन बसले. जे आधी करायचं ते शेवटी केलं. बँकेच्या संकेतस्थळावरून कार्डाच्या अटी काढल्या, बावीस पानं, आणि पेन्सिलीने वाचल्या.

महिन्याचा खर्च ३१,८००. त्यातलं दूध २,४०० आणि भाजी-फळं ३,०००, हे सगळं रोख किंवा यूपीआय. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात मेथीची जुडी कार्डावर कोण देणार? रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण ते व्यापाऱ्याच्या क्यूआरवर चालतं, भाजीवाल्या मावशींच्या स्वतःच्या खात्याच्या क्यूआरवर नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याचे ३,००० तसेच. पेट्रोल ३,५००: अटींमध्ये कॅशबॅक नाही, फक्त अधिभार माफ. लाइट बिल, गॅस, मोबाइल ३,२००: नाही. क्लासची फी ५,०००: नाही. उरले ११,७००. त्यातले पाच टक्के फक्त ऑनलाइनच्या ४,००० वर, म्हणजे २०० रुपये. दुकानातला किराणा आणि औषधं मिळून ७,७००, त्यांवर एक टक्का, ७७ रुपये. वर्षाचे झाले ३,३२४. "आयुष्यभर मोफत" म्हणजे पहिलं वर्ष मोफत, नंतर ९९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७९. हातात उरले २,१४५.

मग तक्त्यातल्या दुसऱ्या कार्डाच्या अटी काढल्या, ज्याच्यापुढे त्याने दीड टक्का लिहिला होता. त्याला फी नाही आणि वगळलेले खर्चही जवळजवळ तेच. त्याच ११,७०० वर वर्षाला २,१०६ रुपये.

दोन कार्डांतला फरक वर्षाला ३९ रुपये. हा आकडा काढायला मला चाळीस मिनिटं लागली. मी वहीवर पेन्सिल ठेवली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

जे कार्ड घ्यायच्या विचारात आहेत त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. आधी स्वतःच्या तीन महिन्यांच्या खर्चाची यादी करा, मग बँकेच्याच संकेतस्थळावर "कॅशबॅक कशावर नाही" हे पान शोधा. ते पान टेबलावरच्या तक्त्यात कधीच नसतं. महिन्याला जास्तीत जास्त किती कॅशबॅक मिळेल त्याची मर्यादा बघा. अर्ज बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन करा, रस्त्यावर पॅन-आधारचे फोटो काढू देऊ नका. बँकेचे व्यवहाराचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यावेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं आहे. मला आलेला फोन साध्या दहा आकडी मोबाइलवरून होता. आणि कॅशबॅक "चालू" करायला कुठलीही बँक व्हॉट्सॲपवर फाइल पाठवत नाही.

ते कार्ड मी कायमचं बंद करायला लेखी दिलं. कार्डावर थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करणं बँकेला बंधनकारक आहे, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो. सहाव्या दिवशी बंद झाल्याचा मेल आला. टेबलावरच्या मुलाने माझा फॉर्म विकला की तो मधेच कुठे फुटला, हे पोलिसांनाही अजून समजलेलं नाही, म्हणून मी त्याच्यावर आरोप करत नाही. त्याचा नंबर मात्र बंद आहे आणि दुकानाच्या दारातून टेबल हललंय. लोकपालाकडचा माझा अर्ज "विचाराधीन" दाखवतो. रोज दुपारी डबा खाऊन झाला की मी तो एकदा उघडून बघते.