गाईची दगडी (कासेची सूज, म्हणजे मस्टायटिस) ओळखायला काळा कप बरा की सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट)?
काळ्या कपात पहिल्या दोन-तीन धारा काढून बघणं एकदम सोपंय, रोज दोन्ही वेळा जमतं, गाठी नाहीतर पाणचट दूध दिसलं की कळलंच. पण तोवर दगडी उघड झालेली असते, लपलेली यात दिसतच नाही ना!

सीएमटीत चार वाट्यांची प्लेट, प्रत्येक सडाचं थोडं दूध, तेवढंच सीएमटीचं द्रावण, 10-15 सेकंद गोल फिरवायचं, जेलीसारखं घट्ट झालं म्हणजे त्या सडाच्या दुधात सुजेमुळे येणाऱ्या पेशी वाढल्यात, म्हणजे लपलेली दगडी असू शकते, मग दूध दिसायला कितीही पांढरंशुभ्र असो. फक्त ताज्या व्यालेल्या गाईचा चीक तपासू नका, उगाच घाबराल. मी कप रोज वापरतो, सीएमटी महिन्यातून एकदा. आणि हो, पहिल्या धारा गोठ्यात जमिनीवर मारू नका, जंतू पसरतात.