हॉस्पिटल टँक आणि कॉपर मीटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आज सकाळी माझ्या पावडर ब्लू टँग माशाने माझ्या बोटांतून नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा ओढून नेला. डिसेंबरात हाच मासा पंपाच्या प्रवाहात तोंड धरून धापा टाकत होता आणि अंगावर कुणी मीठ भुरभुरवावं तसे पांढरे ठिपके होते, म्हणजे व्हाइट स्पॉट हा रोग. त्याला वाचवताना जे विकत घेतलं, जे कामाला आलं आणि जे उगाच घेतलं, त्याबद्दल लिहिते आहे. खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांनी हे मासा आजारी पडायच्या आधी वाचलं तर जास्त बरं.

आधी माझ्या टँकबद्दल थोडं. पुण्यात फ्लॅटमध्ये चार फुटी टँक आहे. प्रवाळ नाहीत. कठीण प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते विकत घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड), वाळू, दोन क्लाउनफिश, एक डॅम्सेल, दोन क्लीनर श्रिम्प, काही गोगलगायी आणि हर्मिट क्रॅब. पावडर ब्लू मुंबईहून आणला आणि एका तासात पाण्याशी जुळवून थेट या टँकमध्ये सोडला. वेगळा ठेवला नाही, ही चूक माझी. नवव्या दिवशी परांवर ठिपके दिसले.

खरं तर मला शहाणपण आधीच यायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी माझा एक टँग याच रोगाने गेला. तेव्हा मी ‘श्रिम्पला चालतं’ असं लिहिलेलं एक वनस्पतीजन्य औषध मुख्य टँकमध्येच घातलं होतं. चौथ्या दिवशी ठिपके गेले, मासा खायला लागला, आणि मी सगळ्यांना सांगितलं की बरा झाला. नऊ दिवसांनी ठिपके परत आले ते कितीतरी पटींनी. दोन दिवसांत मासा गेला. त्या चार दिवसांतल्या आनंदाची आठवण मला अजून सलते.

ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला, हा समज या छंदातला सगळ्यात महागडा समज आहे. व्हाइट स्पॉट करणारा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, माशाच्या त्वचेच्या आत बसून साधारण तीन ते सात दिवस पोसतो. मग तो आपणहून गळून पडतो. औषध घाला, न घाला, ठिपके त्या वेळी जाणारच असतात. खाली पडून तो वाळूवर, दगडावर कवच करून बसतो आणि आत त्याची शेकडो पिल्लं होतात. कवच तीन दिवसांत फुटेल किंवा चार आठवड्यांत. ७२ दिवस लागल्याचीही नोंद आहे. बाहेर पडलेलं पिल्लू पाण्यात पोहत मासा शोधतं आणि एक-दोन दिवसांत सापडला नाही तर मरतं. यावरचं औषध म्हणजे पाण्यात घालायचं कॉपर, म्हणजे तांबं, आणि ते मारतं फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. त्वचेखालच्याला नाही, कवचातल्यालाही नाही. म्हणून पाण्यात कॉपर योग्य पातळीवर सलग ३० दिवस राहावं लागतं, एक दिवससुद्धा खाली न जाता. गोड्या पाण्यात मासा बुडवून काढायचा उपायही इथे भागत नाही, कारण परजीवी त्वचेच्या आड असतो.

आणि हे मुख्य टँकमध्ये करता येत नाही. श्रिम्प, गोगलगायी, खेकडे कॉपरने मरतात, आणि लाइव्ह रॉक व वाळू कॉपर शोषून घेतात, त्यामुळे पातळी टिकतच नाही. सगळे मासे बाहेर काढून वेगळ्या टँकमध्ये उपचार, आणि मुख्य टँक माशांविना रिकामा. मी तो ७६ दिवस रिकामा ठेवला. वर लिहिलेल्या ७२ दिवसांवर थोडी सूट धरून.

हॉस्पिटल टँक म्हणजे दोन फुटी साधी काचेची पेटी, प्रत्यक्ष पाणी ७५ लिटर. वाळू नाही, दगड नाही. स्पंज फिल्टर, एअर पंप, हीटर, जाळीचं झाकण आणि लपायला पीव्हीसी पाईपचे एल्बो आणि टी, हार्डवेअरच्या दुकानातले. पहिल्या दिवशी पावडर ब्लू काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर धावून जात होता, नाक घासून लाल झालं. तीन बाजूंना काळा कार्डपेपर चिकटवल्यावर तासाभरात शांत झाला. हा कागद मी आता सामानाच्या यादीत हीटरइतकाच महत्त्वाचा मानते.

स्पंजबद्दल सांगायला हवं, कारण मासे दगावतात ते बरेचदा रोगाने नाही, अमोनियाने. नव्या स्पंजवर जिवाणू नसतात. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो आणि त्या पीएचला अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यापेक्षा बराच जास्त. माझ्या मुख्य टँकच्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या पेटीत) नशिबाने एक जास्तीचा स्पंज पडलेला होता, तोच इकडे आणला. तरी चार माशांचा भार त्याला झेपला नाही आणि सहाव्या दिवशी काचेवर चिकटवायची अमोनियाची पट्टी पिवळ्याची हिरवट झाली. अशा वेळी हात आपोआप अमोनिया बांधणाऱ्या कंडिशनरच्या बाटलीकडे जातो. कॉपर असलेल्या पाण्यात ती घालू नका. त्यातली रसायनं कॉपरचं रूप बदलतात आणि ते माशालाच जास्त विषारी होऊ शकतं. उपाय एकच, पाणी बदलणं. मी त्या आठवड्यात दिवसाआड १५ लिटर बदललं.

इथेच मीटरची किंमत कळते. ७५ मधले १५ लिटर काढून साधं खारं पाणी घातलं तर कॉपरची २.२ पीपीएमची (दर लिटरला मिलिग्रॅम) पातळी १.७६वर येते. म्हणजे प्रत्येक बादलीत आधी तेवढंच कॉपर मोजून मिसळायचं आणि मगच ती ओतायची. हा हिशेब डोळ्यांनी होत नाही. सुरुवातीला माझ्याकडे थेंबांचं टेस्ट किट होतं. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली १.५ आणि २.०च्या छटा मला एकसारख्याच दिसायच्या. तीन दिवस अंदाजाने चालवल्यावर मी डिजिटल मीटर मागवला आणि पहिल्याच मोजणीत १.१२ आकडा आला. माझ्याकडचं कॉपर किलेटेड (दुसऱ्या रेणूत बांधलेलं) प्रकारचं आहे, त्याला १.५ ते २.५ पीपीएम लागतं. (आयनिक, म्हणजे मोकळ्या कॉपरची पातळी पूर्ण वेगळी, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी. बाटलीवर कोणतं आहे ते वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.) म्हणजे तीन दिवस मी औषध घालत होते आणि उपचार सुरूच झाला नव्हता. ३० दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली.

मीटर वापरायला सोपा आहे. छोट्या काचेच्या कुपीत १० मिली टँकचं पाणी, त्यावर मीटर शून्य करायचा, मग पावडरची एक पुडी, हलवायचं, थांबायचं, आकडा वाचायचा. पाणी जांभळट होतं. कुपीवर बोटाचा ठसा किंवा आत बुडबुडा राहिला तर आकडा खोटा येतो. मी चष्म्याचं कापड त्याच कामाला ठेवलं आहे. पुडीच्या कोपऱ्यात पावडर अडकते, कात्रीने दोन बाजू कापून नीट पन्हळ केली तरच सगळी पडते. आणि डब्यात २५ पुड्या असतात. रोज एक म्हटलं तरी ३० दिवसांना पुरत नाहीत. माझ्या एकविसाव्या दिवशी संपल्या, कारण पाणी बदलल्यावर मी दुसऱ्यांदाही मोजत होते. पुढचा डबा येईपर्यंतचे चार दिवस मी पाणी बदललं नाही, अन्न निम्मं केलं आणि अमोनियाच्या पट्टीकडे बघत बसले. दोन डबे एकदमच घ्या.

कॉपर एकदम चढवू नका हे मी आधी वाचलं होतं आणि ते खरं निघालं. रोज थोडं थोडं करत चार दिवसांत २च्या वर नेलं. क्लाउनफिशना काही फरक पडला नाही. टँग जातीला मात्र कॉपर सोसत नाही, भूक जाते. अकराव्या दिवशी पावडर ब्लूने नोरीकडे पाठ फिरवली. बाराव्या दिवशी पाईपातून बाहेरच आला नाही. मीटरवर २.३१ होतं. मी आठ लिटर काढून कॉपर नसलेलं पाणी घातलं, आकडा २.०७वर आला, आणि त्याला तिथेच ठेवलं. मीटर नसता तर घाबरून मी अर्धं पाणी बदललं असतं आणि सगळं मुसळ केरात गेलं असतं.

त्या दोन दिवसांत मी ऑफिसात होते आणि टँकजवळ सासूबाई बसल्या. त्यांना माशांत कधी रस नव्हता. तेराव्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला, “अगं, तो बाहेर आलाय. त्या हिरव्या कागदाला दोनदा तोंड लावलं.” हिरवा कागद म्हणजे नोरी, बिनमसाल्याची, बिनमिठाची. लसणाच्या रसात बुडवून दिली होती. लसूण रोग बरा करतो असं मी म्हणणार नाही, पण वासाने मासा जवळ येतो हे पाहिलं आहे. गोठवलेले मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव) त्याने आणखी दोन दिवसांनी खाल्ले.

गुरुवारी इथे दुरुस्तीसाठी वीज जाते. फुगलेल्या कल्ल्यांच्या माशाला दोन तास हवा नसली तर खेळ संपतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घेतला. या पूर्ण खर्चात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगी वस्तू ती. उलट यूव्ही लाइट मी उगाच घेतला. किलेटेड कॉपर असताना तो बंदच ठेवावा लागतो, आणि कोळसाही फिल्टरमधून काढावा लागतो, कारण तो कॉपर खेचून घेतो. ३० दिवस झाल्यावर तोच कोळसा कामाला आला: तीन वेळा पाणी बदलून आणि कोळसा घालून मीटर ०.०४वर आला. उरलेले दिवस चारही मासे तिथेच साध्या पाण्यात राहिले आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात घरी परतले.

दुसरे मार्गही आहेत. दर तीन दिवसांनी मासा नव्या निर्जंतुक टँकमध्ये हलवायची पद्धत चांगली आहे आणि तिला औषध लागत नाही, पण नोकरी करून चार मासे बारा दिवस असे हलवणं मला शक्य नव्हतं. एकच मासा असता तर मी तीच केली असती. खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.००९पर्यंत उतरवायची पद्धत मला नको वाटते. जरा वर सरकलं की उपयोग नाही. आणि ठिपके सोनेरी धुळीसारखे बारीक असतील, मासा तासागणिक खालावत असेल, तर तो व्हाइट स्पॉट नाही, व्हेल्व्हेट नावाचा दुसरा रोग आहे. तिथे वाट पाहायला दिवस नसतात, त्याच दिवशी मासा हलवा.

एकूण खर्च तेरा हजारांच्या घरात गेला, जवळजवळ निम्मा मीटर आणि पुड्यांवर. ज्यांच्याकडे दोन क्लाउनफिशच आहेत त्यांना हा मीटर मी घ्या म्हणणार नाही. तिघा-चौघांनी मिळून एक घेतला तरी चालेल, आजारपण सगळ्यांकडे एकाच वेळी येत नाही. टँग पाळायचा असेल तर मात्र माशाच्या आधी मीटर घ्या.

जूनमध्ये नवीन फॉक्सफेस मासा आणला तेव्हा तो थेट हॉस्पिटल टँकमध्ये गेला आणि महिनाभराने बाहेर आला. ती पेटी, तिची बादली, नळी आणि जाळी यांना लाल टेप लावली आहे, मुख्य टँकचं काही त्यात जात नाही आणि त्यातलं काही इकडे येत नाही. कॉपर लागलेला जुना स्पंज श्रिम्पच्या पाण्यात परत टाकायचा नाही, म्हणून संपमध्ये नवा स्पंज सोडला आहे. पावडर ब्लूच्या डाव्या पराच्या कडेला एक खाच राहिली आहे, ती भरून येईल असं वाटत नाही. रोज अकराच्या सुमारास तो काचेपाशी येऊन थांबतो. तेव्हा मी ऑफिसात असते; हिरवा कागद सासूबाई लावतात.